एकशे तेरावा दिवस

माणसानं माणसाला नावं ठेवली तर एक वेळ समजू शकतं. जिभेला हाड नसतं, आणि बोलायला पैसे पडत नाहीत. पण त्या सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता कुमुद चौगुलेला नावं ठेवली ती कंपनीच्या यंत्रानं, आणि तीही छापून, शिक्क्यानिशी.

'प्रस्ताव : ओतकामाच्या टाकाऊ वाळूपासून भट्टीशिवाय विटा. कल्पना : व्यवहार्य. गिऱ्हाईक : आहे. प्रस्तावक : एकशे तेराव्या दिवशी स्वतःहून माघार घेतील. यशाची शक्यता : शंभरात अकरा.'

कुमुदनं ते तीनदा वाचलं. कल्पनेत खोट निघाली असती तर ती काही बोलली नसती. खोट शोधणं हीच तिची नोकरी होती. पण यंत्र म्हणत होतं की वीट चांगली आहे, बाई कच्ची आहे. तिचे कान तापले.

आता ही कंपनी कुठली, तर कोल्हापूरच्या अलीकडं महामार्गाला लागून पसरलेली 'पंचधारा पंप्स'. पाच कारखाने, अकरा हजार माणसं. पंपाचं लोखंडी अंग ओतायचं तर आधी वाळूचा साचा लागतो, आणि वाळू ओली झाली, सैल पडली की अख्खा घाणा वाया. ती वाळू तपासायच्या प्रयोगशाळेत कुमुद बावीस वर्षं होती. चिमटीत वाळू धरून ओल किती हे ती सांगायची, आणि मग मापकयंत्र तिच्या मागून तेच सांगायचं. साहेब लोकांच्या बैठकीत मात्र ती भिंतीकडेच्या खुर्चीवर बसायची आणि चहा आला की पहिल्यांदा दुसऱ्यांना द्यायची.

आठ वर्षांपूर्वी कंपनीच्या प्रमुख शर्वाणी घोरपडे मॅडमनी 'अंकुर' नावाची योजना काढली. अकरा हजार डोकी पगारावर आहेत आणि आपण नुसते हात वापरतो, असं त्या भाषणात म्हणाल्या होत्या. ज्याला काही नवं सुचेल त्यानं मांडावं. कंपनी सहा महिने पगार चालू ठेवील, शेड देईल, सामान देईल. सहा महिन्यांत बाहेरच्या एका तरी गिऱ्हाइकानं माल पसंत केला, की तो उद्योग कंपनीत राहून त्याच माणसानं चालवायचा. बोलणं सोन्यासारखं होतं आणि मॅडमच्या मनातही खोट नव्हती. फक्त दारात त्यांनी छायेला बसवलं, आणि तिथं घोडं अडलं.

छाया म्हणजे संगणकात उभी केलेली दुसरी पंचधारा. खऱ्या कंपनीत जे जे आहे ते सगळं तिथं होतं : भट्ट्या, ट्रक, गोदामातला शेवटचा बोल्ट, आणि अकराच्या अकरा हजार माणसं. प्रत्येकाची एक छाया. पंचवीस वर्षांची हजेरी, कामाची कार्डं, निरोप, बैठकांची टिपणं, रजेचे अर्ज, सगळं तिला खायला घातलेलं. त्यावरून ती शिकली होती की अमका माणूस कशानं चिडतो आणि तमका कधी हात टेकतो. कुणी नवा प्रस्ताव दिला की तो आधी छायेत पेरायचा. तिथली माणसं तिथं कामाला लागायची, आणि पाच वर्षांत काय घडेल ते एका फेरीत दिसायचं. भट्टीचं अस्तर कधी फुटणार, हे छाया आठवडाभर आधी सांगायची आणि ते फुटायचंच. त्यामुळं तिच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. साठ गुण मिळाले तर अंकुर, नाहीतर नमस्कार.

आणि आठ वर्षांत छायेनं पास काय केलं म्हणता? एकोणीस प्रस्ताव. पंपाचा रंग बदलणं, खोक्याची दोरी बदलणं, मुठीला रबर लावणं. जुन्या नोंदींवर वाढलेलं यंत्र. त्याला जुन्यासारखं दिसेल तेवढंच आवडणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं?

कुमुदची कल्पना मात्र कुठल्याच जुन्यासारखी नव्हती. तिचा जन्मच मुळी जरा लाजिरवाण्या जागी झाला होता. कारखान्याच्या मागं टाकाऊ वाळूचा काळा डोंगर होता आणि त्याला टेकून एक लांब भिंत. भिंतीवर 'येथे लघवी करू नये' असं ठळक लिहिलेलं, म्हणजे कुठं करायची हे पुरुषमंडळींना शोधायला लागत नसे. दरवर्षी तपासणीच्या आधी त्या भिंतीला चुना फासायचा, पावसात तो खाली वाळूत उतरायचा, आणि वर्षभर बाकीचं चालूच. एकदा नमुना घ्यायला गेलेल्या कुमुदचं खुरपं तिथं खणकन वाजलं. पायथ्याची वाळू दगड झाली होती. नाकाला पदर लावून तिनं तो तुकडा उचलला आणि प्रयोगशाळेत नेला.

पुढची दोन वर्षं फावल्या वेळात तिनं त्या दगडाचा पिच्छा पुरवला. झालं होतं ते असं. मातीत काही जिवाणू असतात, त्यांचं खाणं युरिया, जो लघवीत असतो. युरिया फोडला की अमोनिया सुटतो आणि कार्बोनेट तयार होतं. त्याला चुन्यातलं कॅल्शियम भेटलं की चुनखडी होते, शिंपल्याचं कवच जिचं बनतं तीच. ही चुनखडी वाळूच्या दोन कणांच्या मध्ये जाऊन बसते आणि त्यांना सांधते. ना भट्टी, ना कोळसा, ना सिमेंट. जिवाणूंना खाऊ घालायचं, ऊब द्यायची, सात दिवस थांबायचं, की वीट तयार. सुटलेला अमोनिया पाण्यात पकडला की त्याचं खत. शेतात घालायचा साधा युरिया वापरून तिनं बारा विटा केल्या. भाजलेल्या विटेइतकाच भार त्यांनी पेलला. काळा डोंगर दरवर्षी चाळीस हजार टनांनी वाढत होता. कुमुदला आता तो डोंगर दिसेनाच, तिथं घरं दिसायला लागली.

आणि यंत्र म्हणतंय, शंभरात अकरा.

छाया सांभाळायला पुण्याची मैथिली बर्वे नावाची अधिकारी होती. पोरगी हुशार, आणि मनानं सरळ. तिनं कुमुदला पडद्यावर तिचीच छाया दाखवली. पहिले तीन महिने छायेतली कुमुद छान काम करते. चौथ्या महिन्यात अडचणी येतात, मदतनीस काढून घेतले जातात, माल बिघडतो, ती एकटी पडते. मग एकशे तेराव्या दिवशी ओळ येते : 'प्रस्ताव मागे.' मैथिलीनं कारणंही काढून दाखवली. बावीस वर्षांत कुमुदनं तीनदा सूचना मांडली होती आणि वरच्यांच्या कपाळावर आठी दिसताच तिन्ही त्याच संध्याकाळी मागं घेतल्या होत्या. बावीस वर्षांत एकदाही कुणाकडं मदत मागितल्याची नोंद नव्हती.

घरी तिनं हे नवऱ्याला सांगितलं. भूपाल दूध संस्थेत सचिव होता, स्वभावानं गरीब, पण तोंडाला फाटक नाही. ताटावरून मान वर न करता तो म्हणाला, "यंत्रानं बरोबर वळखलंय की तुला."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण कुमुदनं हातातला घास ताटात परत ठेवला. यंत्र बोललं ते तिनं सोसलं होतं. पंचवीस वर्षं संसार केलेला माणूस तेच बोलला तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याबरोबर राग. असा राग तिला आजवर आला नव्हता.

अंकुर योजनेत एक कलम नऊ होतं. साठच्या खाली गुण मिळाले तरी कुणालाही स्वतःच्या जोखमीवर सहा महिने मिळत; पण हरलं तर जुनी जागा गेली, कंपनी पाठवील त्या डेपोत जायचं. आठ वर्षांत हे कलम कुणी वापरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुमुदनं त्यावर सही केली. अक्षर स्वच्छ आलं.

ऑगस्टमध्ये तिला डोंगराच्या कुशीतली पत्र्याची शेड मिळाली आणि दोन मदतनीस. सुरुवातीचे दिवस सगळे वासाचेच गेले. अमोनियानं डोळे झोंबायचे, शेजारच्या पॅकिंग विभागानं तक्रारी केल्या, लोक तिला 'मुतारीवाल्या बाई' म्हणायला लागले. पहिल्या शंभर विटा हातात घेताच चुरा झाल्या. दुसऱ्या शंभरांना तडे गेले. जिवाणू वाढवायला स्टीलची मोठी भांडी हवी होती, ती मंजूर होईनात. एके दिवशी भूपाल टेम्पोतून दूध संस्थेचे तीस जुने कॅन घेऊन आला, उतरवले, आणि निघून गेला. त्याची माफी मागायची पद्धत हीच होती.

तिसऱ्या महिन्यात वीट जमली. काळसर, धारदार कडांची, टिचकी मारली की टणटणणारी. शेजारच्या गावच्या शाळेला कुंपणभिंत बांधायची होती. मुख्याध्यापकांनी विटा पाहिल्या, एक वीट मुद्दाम पायऱ्यांवर आपटून बघितली, आणि तीन हजारांची मागणी दिली. जानेवारीत स्नेहसंमेलन, त्याआधी भिंत उभी हवी. म्हणजे सव्वीस डिसेंबरपर्यंत माल. बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं. आता एवढा माल वेळेत दिला की जिंकली.

आणि मग छाया म्हणाली होती ते एकेक घडायला लागलं. परदेशची तातडीची मागणी आली आणि दोन्ही मदतनीस पंपाच्या कामाला परत नेले. डिसेंबरात पारा बारा अंशांवर उतरला. पंधराच्या खाली हे जिवाणू सुस्तावतात. खाणं पुढं असलं तरी खात नाहीत. साचे भरलेले, प्रत्येकाला दर चार तासांनी कोमट द्रावण पाजायचं, आणि पाजणारी एकटी कुमुद. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाची वेळ टळून जायची. निम्म्या विटा आतून मऊच राहिल्या.

एकशे तेराव्या दिवशी दुपारी सव्वातीनला ती उपड्या कॅनवर बसली. हातांना भेगा पडल्या होत्या, कमरेत उसण भरली होती. मांडीवरच्या टॅबवर माघारीचा अर्ज होता, भरलेला. खाली एक बटण. आजची तारीख तिला पाठ होती, आणि संताप त्याचाच होता, की त्या मेल्या यंत्राचा नेमका दिवससुद्धा चुकला नव्हता. आता वाळूची चिमूट दुसरं कुणी धरणार, आणि आपण कुठल्यातरी डेपोत खोकी मोजत बसणार. तिनं बोट उचललं.

समोरच्या दरवाजातून ओतशाळेची मागची बाजू दिसत होती. तिथं एका यंत्राच्या दांड्याला पिवळं फडकं बांधलेलं होतं.

इथं थोडं थांबून हे फडकं काय ते सांगायला हवं, कारण छायेला ते ठाऊक नव्हतं. या भागात पूर्वीपासून पैरा चालतो. आज माझ्या शेतात भांगलणीला, तण काढायला, तू यायचं, उद्या तुझ्या भांगलणीला मी. मोजदाद नाही, लिखापढी नाही, आणि पैऱ्याला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. शेतातली माणसं कारखान्यात आली तशी ही रीतही त्यांच्या डब्याबरोबर आत आली. ज्याचं काम अडलं त्यानं यंत्राच्या दांड्याला पिवळं फडकं बांधायचं. बघेल तो येतो, काम काढून देतो, जातो. पण कंपनीचा नियम असा की दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा तर साहेबांची चिठ्ठी हवी. चिठ्ठी यायला दोन दिवस. म्हणून काम कुणीही केलेलं असो, कार्डावर ज्याचं काम त्याचंच नाव लागायचं. वर्षानुवर्षं सगळी ओतशाळा असं गोड खोटं लिहीत आली होती, आणि तेच खोटं खाऊन छाया मोठी झाली होती. तिच्या लेखी पंचधारेत अकरा हजार माणसं होती आणि प्रत्येक माणूस एकटा होता.

कुमुद बावीस वर्षं सगळ्यांच्या फडक्याला धावली होती. वाळू चाळली होती, साचे बसवले होते, कुणाची बायको बाळंत म्हणून कुणाची पाळी केली होती. स्वतः मात्र तिनं एकदाही फडकं बांधलं नव्हतं. तिची आई अकाली विधवा झालेली. ती एकच शिकवून गेली होती, कुणापुढं हात पसरायचा नाही. एवढ्या बाबतीत यंत्राचं बरोबर होतं. बाई मागत नाही, हे त्याला कळलं होतं. मागितलं तर काय होईल, हे कळायला त्याच्यापाशी काही साधनच नव्हतं.

कुमुदनं टॅब बाजूला ठेवला. हात पुसायच्या गठ्ठ्यातून एक पिवळं कापड फाडलं, शेडच्या कडीला बांधलं, आणि पटकन आत येऊन पाठ करून उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी आलं नाही. सोडून टाकावं ते फडकं, असं म्हणून ती वळली, तर दारात भट्टीवरचे दस्तगीर मुल्लाणी उभे. साठीला टेकलेला माणूस, भुवया भट्टीच्या धगीनं कायमच्या जळालेल्या. त्यांच्या मागं तिघंजण.

"कुमुदताई," ते म्हणाले, "बावीस वर्षं झाली, या फडक्याची वाट बघतोय आम्ही."

कुमुदला रडूच फुटलं. त्यांनी तिला रडू दिलं आणि तेवढ्यात शेड बघून घेतली. थंडीचं दुखणं कळताच दस्तगीरभाई हसले. भट्टी गार ठेवायला तिच्या अंगातून पाणी फिरवतात, ते पंचेचाळीस अंशांपर्यंत तापून बाहेर येतं आणि नुसतं निववून टाकतात. ते पाणी जाताना शेडमधून गेलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय? संध्याकाळच्या आत साच्यांखालून नळ फिरला आणि शेडमध्ये चैत्र आला. जिवाणू जागे झाले. दुसऱ्या दिवशी माणसं आली ती वीस, तिसऱ्या दिवशी साठ. कुणी चहाच्या सुट्टीत, कुणी पाळी संपल्यावर. शेजारच्यानं दोन यंत्रं सांभाळायची आणि एकानं शेडकडं यायचं. पॅकिंगच्या बायकासुद्धा आल्या, वासाची तक्रार केलेल्या त्याच. त्यांनी नाकाला रुमाल बांधले आणि झारीनं द्रावण असं पाजलं की कुमुदनं बघत राहावं.

एकशे चौदाव्या दिवशीच मैथिलीचा निरोप आला होता : 'ताई, छायेत यापुढं तुमचं काहीच लिहिलेलं नाही. आता तुम्हीच सांगा काय होणार ते.' कुमुदनं तो दोनदा वाचला आणि टॅबवरचा अर्ज पुसून टाकला.

पंचवीस डिसेंबरला, एक दिवस आधी, तीन हजार विटा शाळेत पोचल्या. मुख्याध्यापकांनी या वेळी तीन विटा आपटल्या. भिंत उभी राहिली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण खरी परीक्षा पुढंच होती. जानेवारीत निकालासाठी संचालकांपुढं जायच्या आधी मैथिली शेडवर आली, चेहरा गोंधळलेला. छायेच्या हिशेबानं गेला महिनाभर या शेडमध्ये एकटी कुमुद होती आणि ओतशाळेतलं प्रत्येक माणूस आपापल्या यंत्रावर. बोलता बोलता तिचं लक्ष गेलं : समोर पन्नास माणसं विटा रचत होती. ती मटकन कॅनवर बसली. ती हुशार होती, तिला सगळं कळायला अर्धा चहा पुरला.

"म्हणजे कार्डं खोटी आहेत," ती हळूच म्हणाली. "कधीपासून?"

कुमुद विटा रचणाऱ्या माणसांकडं बघत राहिली. कार्ड खोटं लिहिणं म्हणजे निलंबन, हे प्रत्येकाच्या नेमणूकपत्रात छापलेलं होतं. संचालक विचारणार, एकट्या बाईनं तीन हजार विटा कशा केल्या? खरं सांगितलं तर दस्तगीरभाईंसकट सगळे गोत्यात; निवृत्तीला त्यांचे चार महिने राहिलेले. खोटं सांगितलं तर कुमुद जिंकली, तिला हार, तिला उद्योग, आणि छाया तशीच दारात बसलेली, पुढच्या प्रत्येकाला एकटा समजून परत पाठवायला. मैथिली म्हणाली, मी काही पाहिलं नाही असं धरते, निर्णय तुमचा.

पूर्वीची कुमुद असती तर एकटीनं कुढत बसली असती. या कुमुदनं दुपारच्या सुट्टीत शेडच्या कडीला पुन्हा फडकं बांधलं. माणसं आली, आणि तिनं सगळं जसं आहे तसं त्यांच्यापुढं ठेवलं. सांगू का नको, तुम्ही म्हणाल तसं. मग दस्तगीरभाईंनी खिशातून स्वतःचं फडकं काढलं, काळं पडलेलं, आणि तिच्या हातात दिलं. त्यांच्यामागं दुसऱ्यानं दिलं. मग तिसऱ्यानं. पॅकिंगच्या एका बाईनं जाऊन रिकामं पोतं आणलं.

संचालकांच्या खोलीत थंडगार काच होती आणि लांबलचक टेबल. कुमुद या वेळी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली नाही. प्रश्न आला तो अपेक्षेप्रमाणंच, तीन हजार विटा एकट्यानं कशा केल्या? तिनं पोतं उचललं आणि टेबलावर ओतलं. पिवळी फडकी, तेलकट, जळकी, शेकड्यांनी. साहेबांच्या कागदांवर पसरली. एक साहेब खुर्ची मागं सरकवून उठले.

"एकटीनं नाही केल्या," कुमुद म्हणाली. तिनं पैरा सांगितला, कार्डं सांगितली, चिठ्ठीचे दोन दिवस सांगितले. मग म्हणाली, "शिक्षा करायची तर माझ्यापासून सुरू करा, बावीस वर्षं मीही खोटी कार्डं लिहिलीत. पण मॅडम, तुमच्या यंत्राला आमचे हात दिसले. आम्ही एकमेकांचा धरलेला हात त्याला कधी दिसलाच नाही."

घोरपडे मॅडमनी एक फडकं उचललं, उलटसुलट बघितलं. त्यांनी कुमुदला काहीच विचारलं नाही. मैथिलीला विचारलं, हे छायेत घालता येईल का? मैथिलीनं आधीच घालून आणलं होतं. माणसाला माणूस मदतीला येतो, एवढा एकच नियम. फेरी सुरू झाली. पाऊण तास लागला. चहा आला, आणि सवयीनं कुमुद उठायला लागली तेव्हा मॅडमनी तिला हातानं बसवलं आणि कप स्वतः तिच्यापुढं ठेवला.

मग पडदा उजळला. वाळूच्या विटा : शंभरात एक्याऐंशी. पण मैथिलीनं आठ वर्षांत नापास झालेले सगळेच प्रस्ताव पुन्हा पेरले होते, चारशे बारा. एकामागून एक ओळी हिरव्या होत गेल्या. गोदामवाल्याचा हातपंप, सुतारशाळेतल्या पोरींचा वाऱ्यावर चालणारा पंप, दस्तगीरभाईंचा तो तापल्या पाण्यावर हळद वाळवायचा बेत, जो त्यांनी सहा वर्षांपूर्वी दिला होता आणि ज्याबद्दल त्यांनी कुमुदलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. एकशे शहाऐंशी ओळी हिरव्या झाल्या. मॅडम उभ्या राहिल्या आणि पडद्याजवळ गेल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"गाव करील ते राव काय करील, असं आमचे आजोबा म्हणायचे," त्या म्हणाल्या. "मी रावाचं यंत्र बांधत बसले."

शिक्षा कुणालाच झाली नाही. चिठ्ठीचा नियम त्याच दिवशी गेला आणि कार्डावर एक नवी ओळ आली : 'पैऱ्याला कोण होतं?' संध्याकाळी कुमुद घरी गेली तेव्हा भूपालला सगळं आधीच कळलं होतं. कोल्हापुरात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. त्यानं तिच्या ताटात वाढलं, समोर बसला, आणि जरा घुटमळून म्हणाला, "यंत्राचं चुकलं. माझंबी." कुमुद म्हणाली, भाजी आळणी झालीय. मग दोघंही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडकडं निघाली तर अंगणात घोळका जमलेला, सगळ्यांची तोंडं वर. मुख्य इमारतीच्या सहाव्या मजल्याकडं बोटं चालली होती. तिथं घोरपडे मॅडमच्या दालनाचा काचेचा दरवाजा खालून दिसायचा. त्या दरवाजाच्या मुठीला काल टेबलावर राहिलेलं एक पिवळं फडकं बांधलेलं होतं. आठ वर्षं बंद ठेवलेले एकशे शहाऐंशी उद्योग एकदम सुरू करायचे, आणि ते एकटीला झेपणार नव्हतं.

दस्तगीरभाईंनी कुमुदकडं बघितलं. कुमुदनं पदर खोचला, हाताची वाळू झटकली, आणि जिन्याकडं निघाली. तिच्यामागं सगळी ओतशाळा निघाली. पैऱ्याला बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं.